निर्वासितांचे सेवायोजन आणि व्यवसायनामांचा प्रश्न

सेवायोजन कार्यालयाच्या कार्याचे वर्णन सामान्यतः अर्थशास्त्राच्या परिभाषेत केले जाते. एका बाजूस काम शोधणारी माणसे, दुसऱ्या बाजूस रिकाम्या जागा आणि या दोहोंची गाठ घालून देणारी मध्यस्थ यंत्रणा, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. मागणी व पुरवठा यांची गाठ पडण्यापूर्वी या कार्यालयात आणखी एक क्रिया घडते आणि ती सर्वस्वी भाषिक असते. आपण काय करू शकतो हे उमेदवार स्वतःच्या शब्दांत सांगतो. नोंदणी करणारा कारकून त्या कथनातून एक व्यवसायनाम निवडून पत्रकावर लिहितो. आणि पुढे जुळणी होते ती त्या माणसाची नव्हे, तर त्या नामाची. स्वप्रांतातील उमेदवाराच्या बाबतीत कथन व नाम यांतील अंतर थोडे असते. निर्वासिताच्या बाबतीत ते का वाढते आणि त्याचे परिणाम काय होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात १९४७ च्या फाळणीनंतर मुंबई प्रांतात आलेल्या सिंधी समाजाच्या उदाहरणाने करावयाचे आहे.

भारतातील सेवायोजन-यंत्रणा मुळात निर्वासितांसाठी निर्माण झालेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सैन्यातून मुक्त होणारे सैनिक व युद्धकार्यातील कामगार यांना नागरी जीवनात सामावून घेण्यासाठी १९४५ च्या जुलैमध्ये एक केंद्रीय संचालनालय स्थापन करण्यात आले. दोनच वर्षांनी फाळणी झाली, आणि याच कार्यालयांवर विस्थापितांचे काम येऊन पडले. १९४८ च्या आरंभी त्यांची दारे सर्वच उमेदवारांना खुली झाली. १९५१ च्या जनगणनेत विस्थापितांची संख्या सुमारे ७३ लाख भरली. त्यांपैकी सुमारे ४७ लाख पश्चिम पाकिस्तानातून आलेले होते. बी. शिवराव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५२ पासून या यंत्रणेचा विचार केला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. १९५९ च्या अधिनियमाने, जो १ मे १९६० पासून अमलात आला, मालकांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. मात्र कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच नेमण्याचे बंधन घातले नाही. म्हणजे जागा आणि उमेदवार यांच्यात कार्यालय जे पाठवीत असे, ती अखेर एक शिफारस, एक शब्दांकित वर्णनच होते.

या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. ज्या सैनिकासाठी ही यंत्रणा आखली गेली, त्याच्याजवळ सेवामुक्तीचे पत्रक असे; त्यात त्याची सैन्यातील कामगिरी सरकारी परिभाषेतच नोंदलेली असे. निर्वासित बहुधा अशा कागदांवाचून आला. त्याचे कौशल्य त्याच्याजवळ होते; त्या कौशल्याचे नाव सांगणारा कागद, ते नाव ओळखणारा शेजार आणि त्या नावाला साक्ष देणारा मालक, हे तिन्ही सीमेपलीकडे राहिले होते.

प्रथम निर्वासिताला दिल्या गेलेल्या नावांकडेच पाहावे. मराठीत रूढ झालेला ‘निर्वासित’ हा शब्द ‘वस्’ या धातूच्या प्रयोजक रूपापासून बनलेला आहे. ज्याला वसतिस्थानातून घालवून दिले गेले तो निर्वासित. येथे क्रिया दुसऱ्याची आहे आणि व्यक्ती तिचे कर्म आहे. हिंदीतील ‘शरणार्थी’ या शब्दात व्यक्तीकडे कर्तृत्व येते, पण ते याचना करण्यापुरतेच. कायद्याने स्वीकारलेल्या इंग्रजी संज्ञेशी जुळणारा ‘विस्थापित’ हा शब्द भावनेने तटस्थ आहे. स्थान बदलले, एवढेच तो सांगतो. पश्चिम पंजाबातून आलेल्या अनेकांना ‘शरणार्थी’ म्हणवून घेणे अपमानास्पद वाटे व ते स्वतःस ‘पुरुषार्थी’ म्हणवीत. या चार शब्दांपैकी केवळ शेवटच्या शब्दातच काम करणारा माणूस दिसतो, ही गोष्ट सेवायोजनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पहिले तीन शब्द माणसावर काय ओढवले ते सांगतात. तो काय करू शकतो हे सांगत नाहीत.

सिंधी समाजातील व्यवसायवाचक शब्दांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. सिंधमधील हिंदूंत आमिल व भाईबंद असे दोन प्रमुख वर्ग होते. ‘आमिल’ हा शब्द मराठीतील ‘अंमल’ व ‘अंमलदार’ या शब्दांच्याच अरबी धातूपासून आलेला आहे. पिढ्यान् पिढ्या राज्यकारभारात लेखनकार्य करणारा हा वर्ग प्रथम फारसीत व नंतर इंग्रजीत पारंगत झाला. ‘भाईबंद’ हा शब्द मराठी कानाला ‘भाऊबंद’ या शब्दासारखा ऐकू येतो आणि नातेवाइकांचा बोध करून देतो. सिंधीत मात्र तो व्यापारी वर्गाचा वाचक आहे. त्यांतील हैदराबाद-सिंध येथील पेढ्यांची ‘सिंधवर्की’ नोकरी तर सर्वस्वी निराळी होती. पेढीचा माणूस करार करून परदेशी, कोणी जपानात कोबेला तर कोणी पनामाला जाई. तेथे तो विक्री करी, हिशेब ठेवी व मालाची पारख करी. अशा माणसाच्या नोंदीत ‘विक्रेता’ असे लिहिले, तर त्याचा हिशेबनीस नाहीसा होतो; ‘कारकून’ असे लिहिले, तर त्याचा व्यापारी नाहीसा होतो.

लिपीचा प्रश्न याला जोडूनच येतो. १८५३ साली सिंधीसाठी ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरविण्यात आली आणि शाळा व कचेऱ्या यांत ती रूढ झाली. व्यापाऱ्यांच्या वह्या मात्र हटवाणिका लिपीत लिहिल्या जात व त्या लिपीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात. त्यामुळे हिशेबात निष्णात असलेला मुनीम मुंबईच्या पेढीत कागदोपत्री निरक्षर ठरण्याचा संभव होता. आमिलांची स्थिती याहून वेगळी होती. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि त्यानंतरही तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणून तेथील पदवीधराची पदवी मुंबईत परकी नव्हती. तथापि जिल्हा व तालुका पातळीवरील कचेऱ्यांत मराठी, गुजराती वा कन्नड यांचे ज्ञान लागे. त्याची इंग्रजी टिकली. पण जनतेशी बोलण्याच्या भाषेवर आधारलेली त्याची अर्धी योग्यता सीमेपलीकडे राहिली. वरिष्ठ जागांपेक्षा कनिष्ठ जागांसाठी प्रादेशिक भाषेची अट अधिक कडक असणे, हा निर्वासितांच्या सेवायोजनातील एक ठळक विरोधाभास होय.

स्त्रियांच्या बाबतीत नामकरणाचा प्रश्न सर्वांत तीव्र होता. घर सांभाळणे हे काम पत्रकातील व्यवसायाच्या रकान्यात बसत नाही. पती गमावलेल्या स्त्रीला शिवणकाम, भरतकाम, पापड-लोणची करणे अवगत असे. परंतु तिने ते मजुरीसाठी केलेले नसल्यामुळे तिच्या कौशल्याला व्यवसायनाम नव्हते. पुनर्वसन खात्याने स्त्रियांसाठी प्रशिक्षण व उत्पादन केंद्रे काढली, त्यांचे महत्त्व केवळ शिक्षणात नाही. अगोदरच अवगत असलेल्या कामाला तेथे नाव, मोल व प्रमाणपत्र मिळाले.

नामाची ही अडचण दूर करण्याचे दोन मार्ग दिसतात. पहिला मार्ग वर्गीकरण सुधारण्याचा. १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला अनुसरून राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरण तयार झाले व पुढे १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. अशा वर्गीकरणात प्रत्येक व्यवसायाला क्रमांक दिलेला असतो व त्यात कोणती कामे येतात याचे वर्णन असते. नाम संदिग्ध असले, तरी वर्णनावरून नोंद करता येते, हा त्याचा मोठा लाभ. दुसरा मार्ग नामाला वळसा घालण्याचा. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्वसन वित्त प्रशासनाने विस्थापितांना व्यापार-उद्योगासाठी कर्जे दिली. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत पाच विभागांत वसविलेल्या, आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वसाहतीचा पुढील इतिहास या दुसऱ्या मार्गाचा आहे. तेथे लहान कारखाने व दुकाने उभी राहिली. ज्याला पत्रकात योग्य नाम मिळाले नाही, त्याने दुकानाच्या पाटीवर ते स्वतःच लिहिले.

या उदाहरणावरून स्वावलंबी समाजाला सेवायोजनाची गरज नसते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. ज्यांच्यापाशी व्यापाराची परंपरा व आप्तांचे जाळे होते, त्यांनाच हा मार्ग सुलभ होता. शिक्षक, परिचारिका, यंत्रकारागीर यांना पाटी लावून भागत नाही. त्यांची योग्यता दुसऱ्या कोणी तरी मान्य करावी लागते. जर्मनीने हा भेद अलीकडे कायद्याने ओळखला आहे. तेथे २००५ पासून स्थलांतरितांसाठी सामान्यतः ६०० तासांचे भाषाशिक्षण सुरू झाले. आणि परदेशात मिळविलेल्या व्यावसायिक योग्यतेची जर्मन योग्यतेशी तुलना करून घेण्याचा हक्क १ एप्रिल २०१२ पासून अमलात आलेल्या कायद्याने दिला. भाषा शिकविणे आणि जुन्या कामाला नव्या भाषेत नाव देणे ही दोन भिन्न कार्ये आहेत, हे या व्यवस्थेत गृहीत धरलेले दिसते.

तात्पर्य, निर्वासितांच्या सेवायोजनात तीन कार्ये परस्परांपासून वेगळी ठेवली पाहिजेत: उमेदवाराचे कथन त्याच्या भाषेत ऐकणे, त्या कथनाला अचूक व्यवसायनाम देणे, आणि त्या नामाला मान्यता मिळवून देणे. पहिल्या कार्यात दुभाषा लागतो, दुसऱ्यात कोशकार व तिसऱ्यात कायदा. यांपैकी दुसरे कार्य भाषाभ्यासकांचे आहे. महाराष्ट्रातील व्यवसायांचे बोलीनिहाय शब्दसंग्रह, त्यांतील कामांच्या वर्णनांसह, तयार झाले, तर परप्रांतातून येणाऱ्या कारागिराइतकाच खेड्यातून शहरात येणाऱ्या मराठी कारागिरालाही त्यांचा उपयोग होईल. कारण नोंदणीच्या खिडकीपुढे आपल्या कामाचे नाव हरवलेला माणूस नेहमी सीमेपलीकडूनच आलेला असतो असे नाही.