माळावरच्या गवताला ऊन बाधतं का?

अतिनील किरण शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, आपण टोपी घालतो, मग गवत काय करतं?"

प्रश्न चांगला आहे. बारामतीतलं शिर्सुफळ किंवा इंदापुरातली कडबनवाडी, इथल्या माळरानावर सावली फारच थोडी. त्यात आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणजे पहिल्या पावसावर फुटलेले कोवळे कोंब, ढग बाजूला झाले की, ऐन तीव्र किरणांत सापडतात.

अतिनील किरणांचे तीन प्रकार आहेत. यूव्ही-सी वातावरणातच अडतात. यूव्ही-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) बरेचसे ओझोनचा थर शोषतो. यूव्ही-ए मात्र जमिनीपर्यंत पोचतात. जे थोडे यूव्ही-बी खाली येतात, ते पेशीतल्या डीएनएला इजा करतात.

गवताचा बचाव असा:

१. ओळख: 'यूव्हीआर८' नावाचं प्रथिन यूव्ही-बी ओळखतं. त्याचं हे काम २०११ मध्ये स्पष्ट झालं.
२. छत्री: पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड द्रव्यं साठतात. ती यूव्ही-बी शोषतात, पण अन्न तयार करायला लागणारा प्रकाश आत सोडतात.
३. दुरुस्ती: डीएनए दुरुस्त करणारं विकर चालतं सूर्याच्याच निळ्या आणि यूव्ही-ए प्रकाशावर!

याची किंमतही मोजावी लागते. यूव्ही-बी जास्त मिळालं की बहुधा रोप थोडं बुटकं राहतं, पान जाड होतं. पण बुटकं म्हणजे आजारी नव्हे. आणि उन्हाळ्यात माळ पिवळा पडतो तो मुख्यतः पाण्याअभावी. मुळं जिवंत असतात, पाऊस पडला की पुन्हा फुटतात. म्हणून माळाला 'पडीक' म्हणू नका. त्यावर मेंढ्या जगतात, चिंकाराही जगतो. दाट झाडं लावून सावली केली, तर हे ऊनप्रिय गवतच मागे हटतं.

वर्गात करून बघा: एकाच गवताच्या दोन कुंड्या उन्हात ठेवा. एकीवर साधी काच, दुसरीवर साधं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक धरा. बाजू मोकळ्या ठेवा, पाणी सारखं घाला. काच बहुतेक यूव्ही-बी अडवते, पातळ प्लॅस्टिक बरंचसं जाऊ देतं. महिनाभर दर आठवड्याला उंची मोजून वहीत लिहा. फरक दिसला नाही, तरी तेच प्रामाणिकपणे लिहायला मुलांना सांगा. विज्ञान तिथूनच सुरू होतं.