दोन हातांची काठी आणि दोराची निवड

मासे धरणें हा विषय आपल्या घरांतून सहसा निघत नाहीं, आणि निघालाच तर माजघरांतून नापसंतीचा एखादा शब्द ऐकूं येतो. पवनारास तर तो अधिकच अवघड. येथें धाम नदीच्या कांठीं विनोबांचा आश्रम आहे. महात्माजींच्या अस्थींचा कांहीं भाग 1948 सालीं याच पात्रांत विसर्जिला गेला. अशा ठिकाणीं बसून गळाच्या दोराविषयीं लिहिणें कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु आजकाल पुष्कळ घरांतील एखादें तरी मूल परदेशीं असतें, व त्यांतील कांहींना तेथील नद्यांवर हा नाद लागतो. माझा एक भाचा कॅनडांत ब्रिटिश कोलंबियांत आहे. सुटीच्या दिवशीं तूं करतोस तरी काय, असें त्याच्या आईनें विचारल्यावर त्यानें जें सविस्तर लिहून पाठविलें, तें घरांत कोणासच उमगलें नाहीं. तें उलगडून सांगण्याचें काम अर्थातच मास्तरांकडे आलें.

विषय आपणांस अगदींच परका आहे असें नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ हें स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, गळ टाकण्याची रीत, असा सारा विचार तेथें केलेला आहे. वडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं हा ग्रंथ 1925 पासून खंडशः संपादून प्रसिद्ध केला. ज्यांस शास्त्राधाराशिवाय पुढें वाचवत नाहीं, त्यांनीं तो जरूर पाहावा.

आतां मूळ गोष्ट. स्कॉटलंडांत स्पे नांवाची वेगवान नदी आहे. समुद्रांतून सामन मासा तिच्यांत चढून येतो. त्यास भुलविण्यासाठीं पिसांची खोटी माशी गळास बांधतात. तिला वजन असें जवळजवळ नसतेंच. दगड दूर फेकतां येतो, पीस फेकतां येत नाहीं. म्हणून वजन दोरालाच दिलेलें असतें. फेकला जातो तो दोर, माशी त्याच्यामागून जाते. नेहमींच्या रीतींत हा दोर आधीं पाठीमागें पूर्ण उलगडावा लागतो. स्पेच्या कांठीं मागें झाडी व उंच दरड. दोर हमखास अडकावयाचा. यावर तेथील लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत दोन्हीं हातांनीं धरावयाच्या लांब काठीची तोड काढली. हल्लीं ती बारा ते पंधरा फूट असते व कार्बनच्या धाग्यांची करतात. पूर्वीं विलायतेंत व अमेरिकेंत चिरलेल्या बांबूच्या काठ्या करीत, आणि तो बांबू कलकत्त्याहून जात असे. आपल्या चांदा-गडचिरोलीच्या रानांतील भरीव नरबांबू तोच, असें जाणकार मानतात.

दोर पाठीमागें उडवावयाचाच नाहीं, ही या रीतीची खुबी. तो पाण्यावरून उचलून त्याचें टोंक आपल्या बाजूस, काठीभर अंतरावर, पाण्यास टेकवावयाचें. उरलेल्या दोराची ताणलेल्या धनुष्यासारखी कमान काठीच्या टोंकापासून मागें पडूं द्यावयाची. टोंक पाण्यानें धरून ठेवलेलें असतें, म्हणून काठी वांकते. मग वरचा हात टेकूसारखा ठेवून खालचा हात छातीकडे ओढला व काठी एकदम थांबविली, कीं कमान पुढें उलगडत जाते. टोंक फार बुडालें तर पाणी दोर सोडीत नाहीं. फारच थोडें टेकलें तर तें निसटतें आणि चाबूक वाजतो.

चाबकाचीच उपमा दोराच्या घडणीसही लागू पडते. गाडीवानाचा आसूड मुठीकडे जाड व शेवटीं बारीक कां असतो? जाड भागांतील गति बारीक भागांत उतरतांना वाढत जाते, म्हणून. हा दोरही तसाच टोंकाकडे निमुळता असतो.

निवडीचें मर्म वजनांत आहे, आणि येथेंच भाच्याचे पैसे वाया गेले. काठीवर 7 हा अंक होता. दुकानदारानें 7 अंकाचाच दोर दिला. पण 1961 सालीं ठरलेल्या मापाप्रमाणें एकहाती काठीसाठीं 7 अंकाच्या दोराचे पहिले तीस फूट 185 ग्रेन भरतात. आपला जुना तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे जेमतेम तोळाभर! त्याच अंकाच्या दोनहाती काठीला सुमारें पांचशें ग्रेन, पावणेतीन तोळे, लागतात. तोळ्याच्या दोरानें ती काठी वांकेचना. तेव्हां अंक न पाहतां काठीला किती ग्रेन सोसतात तें विचारावें. त्यानंतर लांबी पाहावी. मोठी उघडी नदी व मुरलेला हात असेल तर साठ-सत्तर फुटांचें लांब पोट. हलक्या माशीसाठीं तीस-चाळीस फुटांचा निमुळता स्कँडिनेव्हियन. आणि जड माशी खोल न्यावयाची असेल तर वीस-पंचवीस फुटांचा आंखूड, जाड ‘स्कॅजिट’. हें शेवटचें नांव अमेरिकेंतील एका नदीचें आहे. नवशिक्यानें आंखूडच घ्यावा, असें माझें मत.

वाऱ्याचा नियम मात्र कंठस्थ हवा. वारा उगमाकडे वाहत असेल तर टोंक उगमाच्या बाजूस टेकवावें, मुखाकडे वाहत असेल तर मुखाच्या बाजूस. म्हणजे वारा गळास अंगापासून दूर नेतो. उलट केल्यास गळ तोंडावर येतो. चष्मा लावल्याशिवाय पाण्यांत उतरणार नाहीं, असें वचन आमच्या भगिनीनें चिरंजिवांकडून घेतलें आहे.

तिचा दुसरा प्रश्न कठीण होता: खावयाचा नाहीं, तर मुक्या जीवाला टोंचावें कशास? तेथें रानटी स्टीलहेड मासा सोडूनच द्यावा लागतो. स्कॉटलंडांतही 1 एप्रिलपूर्वीं धरलेला सामन सोडणें कायद्यानें बंधनकारक आहे. 2023 सालीं ब्रिटनमधील सामन संकटग्रस्त जातींत गणला गेला. नद्यांच्या रक्षणासाठीं हे छंदी लोकच धडपडतात, असें भाचा म्हणतो, व तें बरेंचसें खरें आहे. पण सोडलेल्या माशाच्याही तोंडांत गळ रुततोच. बहिणीचें समाधान त्या उत्तरानें झालें नाहीं, माझेंही झालेलें नाहीं.

दोर फेकण्याच्या कलेला मात्र मासा लागत नाहीं. टोंकाला रंगीत लोकरीचा तुकडा बांधून ती शिकतां येते. फक्त गवत टोंक धरीत नाहीं, पाणीच हवें. दिवाळींत भाचा काठी घेऊन येणार आहे. पावसाळा सरल्यावर धामेचें पाणी निवळलेलें असतें, आणि गळाची डबी कॅनडांतच ठेवून ये, असें त्यास कळविलें आहे.