पोरीचे वजन, बापाचे वजन

चकली-करंजीच्या दिवसांत शस्त्रक्रियेची गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. पण मोखाड्यास २२ वर्षे मास्तरकी केलेल्या माझ्याजवळ दिवाळीची म्हणून जी एक गोष्ट आहे, ती हीच. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

जवळच्या पाड्यावरची पाच वर्षांची पोर. अंगणवाडीत मुले फेर धरून खेळू लागली की ही चार पावलांत मटकन खाली बसे. "आळशी हाये," आजी म्हणे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर २०१३ पासून अंगणवाड्यांतून मुले तपासतात. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि चिठ्ठी दिली. परळच्या वाडिया बालरुग्णालयात निदान झाले : हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र. शुद्ध रक्त त्यातून पुन्हा फुफ्फुसांकडे वळते. म्हणून धाप, म्हणून वरचेवर छाती भरणे, आणि म्हणूनच खाल्लेले अंगी न लागणे. वजन अवघे ११ किलो. लहान छिद्र कधी आपोआप बुजते. हिचे मोठे होते. फार उशीर झाला तर फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात.

तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. खर्च सरकारी योजनेतून होणार होता. पण दिवाळी सरली की आमच्याकडील माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात, आणि या नवराबायकोने दोघांची उचल आधीच घेऊन खर्चूनही टाकली होती. "गुरुजी, तूच सांग, पोरीसंगं जाऊ का भट्टीवर?" बापाने विचारले. (तिकडे लहानथोरांस सर्रास 'तू' म्हणतात, त्यात उणे काही नसते.) मी काय सांगणार? अखेर त्यांच्या जागी धाकटा भाऊ आणि भावजय भट्टीवर जाण्यास कबूल झाली.

तयारी म्हणजे पैसा आणि धीर, असे आपण समजतो. मी पाहिली ती तयारी दातांपासून सुरू झाली! किडक्या दातातील जंतू रक्तावाटे हृदयात जाऊन बसतात. म्हणून आधी दोन दाढा काढल्या. मग सर्दीची धास्ती. ताप-खोकला आला की तारीख पुढे. वाघबारशीला पाड्यावर तारपा वाजत होता, आणि तिची आई तिला गोधडीत गुंडाळून गर्दीपासून दूर ओट्यावर बसली होती. नाचणीची आंबील, अंडे, शेंगदाणे. पोर तोंड फिरवी, आई पुन्हा घास पुढे करी. आजीने भगताकडून गंडा आणला. डॉक्टरीणबाईंनी तो तोडला नाही, सुई लावायच्या हातावरून सोडवून दुसऱ्या हाताला बांधविला. ती बाई शहाणी!

रक्त लागेल म्हणताच बापाने दंड पुढे केला. काट्यावर उभा केला : ४३ किलो. ४५ च्या आतील माणसाचे रक्त घेत नाहीत. तो काट्यावरून उतरेचना.

रक्त मी आणि शाळेतील दोघांनी दिले. त्याला धीर यावा म्हणून मी १९५४ सालची हकीगत सांगितली. अमेरिकेत मिनेसोटा येथे डॉ. लिलेहाय यांनी असेच छिद्र बुजविले, तेव्हा बापाला शेजारी निजवून मुलाचे रक्त नळ्यांनी त्याच्या अंगातून फिरविले होते. आता ते काम यंत्र करते.

"आन् पोर?"

शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी ते मूल गेले, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "छिद्र बुजले." खोटे नव्हते, पण त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

खोडाळ्यावरून कसारा, तेथून लोकल. पोरीने आगगाडी प्रथमच पाहिली. शस्त्रक्रियेच्या सकाळी ती एकच मागत होती : भाकरी. महिनाभर घास भरविणाऱ्या त्या माउलीला आता 'नाही' म्हणावे लागले. दारापाशी पोरीला आत नेले, आणि आईच्या हाती तिची परकराची नाडी तेवढी राहिली.

पोर बरी आहे. यंदा वाघबारशीला ती नाचणाऱ्यांत होती.

परवा ग्रामीण रुग्णालयात मला तिचा बाप भेटला. रक्त द्यायला म्हणून पायी आला होता. काट्यावर चढला, आकड्याकडे पाहून माझ्याकडे वळला.

"चव्वेचाळीस, गुरुजी."