सहापट उडीचं गणित

एडगर राइस बरोज यांच्या ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’चा नायक जॉन कार्टर मंगळावर पोचल्या पोचल्या जीव वाचवायला उडी मारतो. उडी तीस फूट उंच जाते आणि शंभर फुटांवर, म्हणजे 30 मीटरवर पडते. ही कथा 1912 मध्ये मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 38 टक्के आहे. माइक पॉवेलची 1991 मधली 8.95 मीटरची विक्रमी लांब उडी त्याच वेगाने, त्याच कोनात तिथे मारली, तर ती सुमारे 23 मीटर भरेल. मग कार्टर फार फेकत नाही, असं वाटतं. पण पॉवेल धावत आला होता, कार्टर जागेवरूनच उडाला. त्याची तुलना करायची तर रे यूरीशी करावी. यूरीने 1904 च्या ऑलिंपिकमध्ये जागेवरून 3.47 मीटर लांब उडी मारली होती. मंगळावर तिचे नऊ-दहा मीटर होतील. कार्टर त्याच्या तिप्पट उडतो!

चंद्रावर तर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. एच. जी. वेल्स यांच्या 1901 च्या चांद्रकादंबरीत एका यार्डाचं पाऊल सहा यार्ड पडतं. एका पावलापुरता हा गुणाकार ठीक आहे. पॉवेलच्या उडीला तो लावला की 54 मीटर येतात, आणि इथेच विज्ञानकथा घसरते. लांब उडीत खरी कमाई धावेची असते. खेळाडू सेकंदाला दहा मीटरहून अधिक वेगाने फळीवर येतो आणि जेमतेम वीस अंशांच्या कोनात उडतो. हा वेग पाय जमिनीला मागे रेटून येतो, आणि जमिनीची पकड मिळते वजनामुळे. वजन सहापट घटलं की पकडही घटते. पाय जमिनीवर कमी, अधांतरी जास्त, म्हणून वेग घ्यायला धावपट्टी कितीतरी लांब हवी.

1972 मध्ये ‘अपोलो 16’च्या जॉन यंगने चंद्रावर जागेवरूनच, सलाम ठोकत मारलेली उडी सुमारे दीड सेकंद अधांतरी राहिली. त्याचा सहकारी चार्ली ड्यूक मात्र उंच उडी मारताना तोल जाऊन पाठीवर पडला, आणि पाठीवरच त्याची प्राणवायूची यंत्रणा होती.

चंद्रावरचं ऑलिंपिक रंगवणाऱ्या लेखकाने जागेवरून लांब उडीचा प्रकार परत आणावा. 1912 नंतर तो ऑलिंपिकमधून गेला. त्याला धावपट्टी लागत नाही, त्यामुळे यूरीच्या उडीचे वीसेक मीटर झाले असं लिहिलं, तर भौतिकशास्त्राचा शिक्षकही हरकत घेणार नाही.