पोराचा खोकला हटत नसेल तर
(सभासदांच्या आरोग्यासाठी)



हंगाम सुरू होऊन थंडी पडली, की गट ऑफिसात तोडणीच्या पाळीपाठोपाठ एक तक्रार हमखास ऐकू येते. "पोराचा खोकला काही केल्या जाईना." पोरगं शाळेत जातं, खेळतं, पण रात्री पाठ टेकली की ठसका सुरू. ताप फार नाही, नुसती कणकण. घरात मागच्या आजारातली बाटली उरलेली असते, ती दिली जाते. गुण येत नाही. मग दुसरी बाटली. मग "डॉक्टर, एक सुई टोचाच." तरी गुण नाही. असे का होते, ते या अंकात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

खोकल्याची कारणे पुष्कळ. बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. पण शाळेच्या वयात, म्हणजे साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, मायकोप्लाझ्मा नावाचा एक जंतू आढळतो. त्याचा खोकला तीन-चार आठवडे रेंगाळतो आणि नेहमीची औषधे त्याला लागू पडत नाहीत.

या जंतूची भावकी आपल्या फडातच आहे. उसाची गवताळ वाढ सर्वांना ठाऊक आहे. बेटातून गवतासारखे बारीक, पांढरट-पिवळे फुटवे निघतात आणि धड ऊस काही बनत नाही. अशा रोगांना पूर्वी विषाणूजन्य समजत. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांना तुतीच्या रोगट झाडांत मायकोप्लाझ्मासारखे जंतू दिसले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात आणि गवताळ वाढही त्यांच्यामुळेच होते. उसाचा रोग माणसाला होत नाही, ही भीती कोणी बाळगू नये. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे. या जंतूंना भिंत नसते.

सगळी गोम इथेच आहे. इतर बहुतेक जंतूंच्या अंगाभोवती एक भिंत असते. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, सेफॅलोस्पोरीन ही औषधे ती भिंत नीट बांधू देत नाहीत, म्हणून जंतू मरतो. ज्या वाड्याला भिंतच नाही, त्याला सुरुंग कुठे लावायचा? औषध भारी घेतले, सुईतून घेतले, तरी फरक पडत नाही. माणसातला हा जंतू १९४४ साली अमेरिकेत ईटन यांनी प्रथम दाखविला. तोही बरीच वर्षे विषाणूच समजला गेला. १९६२ साली चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत वाढविला, तेव्हा खरी ओळख पटली.

हा आजार खोकल्याच्या तुषारांतून, जवळ राहणाऱ्यांत पसरतो. एक घर, एक वर्ग, वसतिगृह किंवा तोडणी टोळीची कोपी. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून थोरला बरा होतो न होतो तोच धाकटी खोकू लागते. सुरुवातीला घसा व डोके दुखते, कणकण येते, मग कोरडा खोकला वाढत जातो. काहींना धाप लागते, काहींच्या अंगावर पुरळ उठते. बहुतेक मुले हिंडती-फिरती असतात, पण काहींना खरा न्यूमोनिया होतो. करोनाच्या काळात हा आजार जगभर जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०२३ च्या अखेरीस चीनसह अनेक देशांत तो मुलांमध्ये पुन्हा वाढला.

निदान सोपे नाही. छातीला नळी लावून जंतूचे नाव कळत नाही. रक्ताची तपासणी आहे, पण आजार सरल्यावरही ती काही महिने दोष दाखवू शकते. घशातील स्रावाची पीसीआर तपासणी अधिक खात्रीची, पण ती सगळीकडे होत नाही. म्हणून डॉक्टर मुलाचे वय, खोकल्याचे दिवस, घरातील इतरांचा खोकला, छातीचा फोटो आणि आधी कोणते औषध दिले, यावरून अंदाज बांधतात. शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे. जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट टाकू नका, दवाखान्यात सोबत न्या.

सौम्य आजार पुष्कळदा औषधावाचूनही बरा होतो. न्यूमोनिया असेल तर डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन किंवा त्या जातीचे औषध देतात, कधी डॉक्सिसायक्लिन. पण हे वाचून कोणी दुकानातून गोळ्या आणू नयेत. अशा वापरानेच जंतू औषधाला सरावतात आणि चीनमध्ये बहुतांश मायकोप्लाझ्मा ॲझिथ्रोमायसिनला दाद देईनासा झाला आहे. तसेच अमॉक्सिसिलीन निरुपयोगी आहे असेही समजू नये. लहान बाळांच्या न्यूमोनियात ते आजही पहिले औषध आहे. दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टर बदलू नका. त्याच डॉक्टरांकडे परत जा.

खोकल्याच्या बाटल्यांबाबतही सावध राहावे. पाच वर्षांखालील मुलांना ती औषधे सहसा देऊ नयेत आणि दोन वर्षांखाली मुळीच नकोत, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली आहे. कोमट पाणी द्यावे. वर्षावरील मुलाला चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध देऊ नये. मूल चुलीच्या आणि बिडीच्या धुरापासून दूर ठेवावे.

रेंगाळणाऱ्या खोकल्याआड आणखी तीन गोष्टी दडलेल्या असू शकतात. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. दुसरा दमा. तिसरी गोष्ट म्हणजे श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा किंवा हरभरा. चांगलं पोरगं खाता खाता ठसकलं आणि तेव्हापासून खोकतंय, असे असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. मूल शांत असताना पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. त्याहून मोठ्या मुलाचे ३० च्या वर राहिले तरी दाखवावे. ही मोजणी कमी शिकलेल्यांनाही जमते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील कार्यकर्त्यांना ती शिकविली आणि औषध दिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी आढळले.

छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील, मूल पाणी पिईना किंवा गुंगीत असेल, तर पाळीची, वाहनाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि जिल्हा अथवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.

गवताळ बेट दिसले की आपण नुसते खत वाढवीत नाही, आधी रोग ओळखतो. घरच्या पोराच्या बाबतीत तेवढेच धोरण ठेवावे आणि आपल्या फडात आलेल्या टोळीच्या मुलांकडेही लक्ष असू द्यावे, ही नम्र विनंती.