'छप्पन'वरून वादावादी

परवा होस्टेलवर 'अब तक छप्पन' (२००४) लावला. शिमित अमीन यांचा पहिलाच सिनेमा. त्यांचा 'चक दे! इंडिया' (२००७) सगळ्यांना तोंडपाठ, याचं मात्र निम्म्या जणींनी नावही ऐकलं नव्हतं!

"स्लो आहे यार, हीरोगिरीच नाही," असं एक मत पडलं. मला तेच आवडलं. नानाच्या साधू आगाशेला एन्काउंटर म्हणजे ऑफिसचं काम: गोळी घालायची, घरी यायचं. परदेशातल्या डॉनशी तो फोनवर मित्रासारखा गप्पा मारतो.

"पण कोर्ट कुठंय?" रूममेट चिडली. तिचंही चूक नाही.

मुलुंडच्या मैत्रिणीचे बाबा पोलिसात (ट्रॅफिकला हं!). ती म्हणाली, "बाबा ड्यूटीवरून आले की असेच गप्प जेवतात."

दुसरा भाग (२०१५) शिमितचा नाही. तो लावू नका.