चाक जाम होऊ न देणारा ब्रेक

जोरात ब्रेक मारला की चाक जाम होते, गाडी मात्र घसरत पुढे जातच राहते. जाम झालेल्या चाकाला दिशा उरत नाही. स्टिअरिंग कितीही वळवले तरी गाडी सरळच जाते. अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, म्हणजे एबीएस, चाकाला या अवस्थेपर्यंत जाऊच देत नाही.

वाशीम जिल्ह्यात ही वेळ यायला फारसे निमित्त लागत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो. सोयाबीनच्या हंगामात रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले दाणे आणि कुटार टायरखाली सापडते. डावी चाके त्यावर आणि उजवी कोरड्या डांबरावर असताना सगळीकडे सारखाच ब्रेक लागला, तर डावी चाके आधी जाम होतात आणि गाडी उजवीकडे ओढली जाते. म्हणूनच एबीएस प्रत्येक चाकाची वेगळी दखल घेते.

प्रत्येक चाकाच्या हबवर एक दातेरी कडे असते; नव्या गाड्यांत बऱ्याचदा बेअरिंगमध्येच बसवलेली चुंबकीय पट्टी. समोरचा सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो. गाडीच्या वेगापेक्षा चाक साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असताना डांबरावर टायरची पकड सर्वांत चांगली असते. एखादे चाक याहून फारच झपाट्याने मंदावले, की कंट्रोल युनिट त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा व्हॉल्व्ह बंद करते. तेवढ्याने भागले नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून दाब कमी केला जातो आणि सुटलेले ऑइल पंप परत मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. चाकाने वेग धरला की दाब पुन्हा वाढतो. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरते. पायाखालचे पॅडल थरथरते, घरघर ऐकू येते, आणि नेमके तेव्हाच काही चालक घाबरून पाय उचलतात. पाय उचलायचा नसतो. जुन्या जीप-ट्रकवर हात बसलेल्यांची ब्रेक पंप करण्याची सवयही इथे घातकच. पॅडल घट्ट दाबून ठेवायचे आणि अडथळा चुकवत गाडी वळवायची.

ब्रेक लवकर लागणे हा एबीएसचा मुख्य गुण नव्हे. सुट्या खडीवर किंवा मुरमावर जाम चाकापुढे ढीग साचून गाडी अडते. एबीएस चाक फिरते ठेवते, त्यामुळे तिथे थांबायला उलट जास्त अंतर लागू शकते. रस्त्यात नसलेली पकडही ती निर्माण करत नाही. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात चांगल्या कोरड्या रस्त्यावरही नुसत्या ब्रेकचे अंतर सुमारे 70 मीटर भरते. पकड निम्मी झाली तर 140. चालक भानावर येईपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले 33 मीटर वेगळेच.

मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये आली; भारतात नव्या कारना ती एप्रिल 2019 पासून सक्तीची झाली. गाडी सुरू करताना डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा क्षणभर लागून विझतो. तो पेटलेलाच राहिला तर साधा ब्रेक सहसा चालू असतो, एबीएस मात्र बंद पडलेली असते. अनेकदा कारण किरकोळ निघते: सेन्सरवर बसलेला चिखल, लोखंडी कीस किंवा तुटलेली वायर.